एका शब्दाचा खटला
(भाषण)



न्यायालयात एका शब्दावर माणसाचा हक्क टिकतो किंवा बुडतो. जमीन कसणारा 'कूळ' ठरला, तर कुळकायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. तोच 'मजूर' ठरला, तर राहत नाही. धर्मग्रंथांच्या बाबतीतही असेच घडते. त्याचा दाखला म्हणून ख्रिस्ती शास्त्रातील एकच शब्द मी आपणांपुढे ठेवतो.

नव्या करारात 'एक्लेसिया' हा ग्रीक शब्द येतो. अथेन्समधील नागरिकांच्या सभेला हेच नाव होते. विल्यम टिंडेल याने १५२६ साली छापलेल्या इंग्रजी नव्या करारात 'चर्च' हा रूढ शब्द टाळून 'काँग्रिगेशन', म्हणजे एकत्र जमलेले लोक, असे भाषांतर केले. टॉमस मोर याने १५२९ साली त्यावर कडक हल्ला चढविला. कारण उघड होते. 'चर्च' म्हटले की अधिकार धर्मसंस्थेकडे जातो. 'जमलेले लोक' म्हटले की तो लोकांकडे येतो. टिंडेलवरील आरोप एवढ्या एका शब्दापुरते नव्हते. तथापि त्याला पाखंडी ठरवून १५३६ साली ब्रसेल्सजवळ गळा आवळून मारण्यात आले व त्याचे प्रेत जाळण्यात आले.

पुढे राजा जेम्सच्या आज्ञेने नवे भाषांतर हाती घेण्यात आले. तेव्हा भाषांतरकारांना नियमच घालून देण्यात आला की, जुने धार्मिक शब्द कायम ठेवावेत, 'चर्च'च्या जागी 'काँग्रिगेशन' लिहू नये. साक्षीपुराव्याआधीच निकाल लिहून ठेवावा, तसा हा प्रकार होय! मात्र १६११ च्या त्याच ग्रंथात, 'प्रेषितांची कृत्ये' यातील एकोणिसाव्या अध्यायात, इफिस नगरातील जमावासाठी हाच ग्रीक शब्द आला, तेथे त्यांनी 'असेंब्ली' असे लिहिले. म्हणजे मूळ अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, असे नव्हे. मराठी ख्रिस्ती शास्त्रात या शब्दासाठी 'मंडळी' रूढ झाला, तो टिंडेलच्या शब्दाला जवळचा आहे.

यातून आपण काय घ्यावयाचे? शतकानुशतके आपल्या वाट्याला शास्त्र आले नाही. इतरांनी लावलेला त्याचा अर्थ तेवढा आला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या मूळ इंग्रजी ग्रंथात बाबासाहेबांनी 'रिलिजन' आणि 'धम्म' यांतील भेद स्पष्ट करून 'धम्म' हा शब्द तसाच राखला. तो भेद जपणे आपले काम आहे. मुलांकडून वंदना पाठ करवून थांबू नका. तिच्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांना विचारू द्या, आणि दिलेला अर्थ पटला नाही तर वादही घालू द्या.

जय भीम!