चेहऱ्यावरची मर्मं: कुठे दाबायचं, कुठे जपायचं

इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय, ‘वैद्यबुवा, आपली मर्मं आणि चिनी अ‍ॅक्युपंक्चरचे बिंदू एकच का हो?’

आरसा घ्या समोर. दोन भुवयांच्या मधोमध, कुंकू लावतो तिथे बोट ठेवा. हे स्थपनी मर्म. चिनी वैद्यकात याच जागेला यिनतांग म्हणतात. भुवईच्या शेपटाखाली, डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला अपांग. तिथेच पित्ताशय-वाहिनीचा पहिला बिंदू येतो. कानशिलावर शंख, त्याच्या आसपास तायांग. आणि नाकाशी फणा. सुश्रुत सांगतात, फणेला इजा झाली तर वास येईनासा होतो. नाकपुडीच्या कडेच्या चिनी बिंदूचं नाव यिंगशियांग, म्हणजे सुगंधाचं स्वागत! मला ही जोडी फार आवडते.

पण जागा जुळली म्हणून हेतू जुळत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 107 मर्मं आहेत, आणि ती मुख्यतः शस्त्रक्रिया करणाऱ्यासाठी, इथे घाव लागू देऊ नकोस म्हणून. चिनी वैद्य मात्र सुई टोचायलाच जागा शोधतो. स्थपनी ‘विशल्यघ्न’ गटात येतं: बाण रुतून आहे तोवर माणूस जगतो, उपटला की जातो. आजही प्रथमोपचारात हेच शिकवतात, रुतलेला चाकू ओढून काढू नका. शंख तर ‘सद्यःप्राणहर’, लगेच जीव घेणारं. तिथलं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची धमनी जाते. म्हणून बोटांनी मर्म दाबून बरं करण्याच्या आजच्या पद्धती थेट सुश्रुतांच्या नावावर खपवणं मला पटत नाही. केरळच्या कळरीत आणि तमिळ वर्मम परंपरेत मर्माचा घाव आणि त्यावरचा उपचार दोन्ही शिकवतात, तो धागा वेगळा.

मग दाबायचं की नाही? दाबा की. दिवसभर स्क्रीनसमोर बसून कपाळ जड झालं, तर स्थपनीवर मधल्या बोटानं हलकेच, मिनिटभर. बरं वाटतं. कानशिलावर मात्र नुसतं बोट फिरवा, अंगठा रोवू नका.

नाकावर किंवा वरच्या ओठाजवळ पुळी असेल तर तिथे हात लावायचा नाही. तिथल्या शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध असतो, संसर्ग आत जाऊ शकतो.

आणखी एक, हे घरातल्या मोठ्यांना जरूर ऐकवा. वय पन्नाशीपुढे, कानशिलात नव्यानं सुरू झालेलं दुखणं, घास चावताना जबडा दुखतो, नजर धूसर होते: अशा वेळी बाम नको, मर्मही नको. कानशिलाच्या धमनीला सूज असू शकते, आणि उशीर झाला तर दृष्टी कायमची जाते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुढच्या भागात तळहाताकडे वळू.