शेळी घ्यायच्या आधी तिची जागा करा

(सोनपेठ येथे महासंघाच्या मासिक सभेत एका पशुसखीने केलेलं बोलणं. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



गटाचं कर्ज मंजूर झालं की आपल्याकडं निम्म्या बाया शेळ्या घेतात, आणि ते बरोबरच आहे. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. आपली उस्मानाबादी शेळी तर याच मुलखातली. धाराशिव, लातूर, बीड, परभणी हे तिचं माहेर. तिला इथलं ऊन सोसतं, बाभळीच्या शेंगांवर आणि बांधावरच्या पाल्यावर ती भागवते. गाभण राहिली की पाच महिन्यांत विते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेतं देते आणि पुष्कळ वेळा जुळी देते.

मग एवढं असून कर्जाचा हप्ता का थकतो? गावोगाव फिरताना मला एकच कारण पुन्हा पुन्हा दिसतं. करडं जगत नाहीत. हिशोब करून बघा. समजा तुमच्याकडं पाच शेळ्या आहेत आणि वेताला आठ करडं झाली. त्यातली तीन पहिल्या महिन्यात गेली. एक करडू मोठं होऊन समजा पाच हजाराला गेलं असतं, तर पंधरा हजार गेले. ते पैसे कुणी चोरून नेले नाहीत. ओल्या जमिनीनं नेले, बंद कोंदट खोलीनं नेले.

कर्जाच्या अर्जात आपण शेळ्यांची किंमत लिहितो, बोकडाची लिहितो, गाडीभाडं लिहितो. गोठ्याचे पैसे कुणी लिहीत नाही. शेळी घरी आली की घराच्या भिंतीला एक पत्रा टेकवायचा, खाली खुंटी ठोकायची, झालं. तसं करू नका. दोन शेळ्या कमी घ्या, पण जागा आधी करा.

शेळीला महाल लागत नाही. तिला तीन गोष्टी लागतात. खाली कोरडं, वर सावली आणि खेळती हवा.

पहिलं, कोरडं. आपली जमीन काळी, गोदाकाठची. पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर शेळी बांधली की पावसाळ्यात चिखल होतो, खुरं कुजतात, शेळी लंगडते, करडांना हगवण लागते. म्हणून घराजवळची उंचवट्याची जागा निवडा. सांडपाण्याच्या नालीपासून लांब. वरची काळी माती काढा आणि दीड फूट उंच मुरुमाचं जोतं करा. चोपून घ्या. एका बाजूला थोडा उतार ठेवा आणि कडेनं चर काढा. मुरूम मूत शोषून घेतो, खाली जिरवतो. सिमेंटचा कोबा दिसायला छान, पण त्यावर मूत साचतं, पाय घसरतो आणि थंडीत करडांचं पोट गार पडतं. पैसे वाचवा, मुरूमच टाका.

दुसरं, सावली. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर जातो. नुसत्या पत्र्याखाली शेळी म्हणजे तव्यावर भाकर. पत्रे असतील तर वर पाचट किंवा पऱ्हाट्यांचा थर द्या, दोऱ्यांनी आवळून बांधा, उन्हाळ्यापुरता पत्र्याला चुना मारा. पत्रे नसतील तर मेढी रोवून पाचटाचं छप्पर चांगलं. ते मात्र दरवर्षी शाकारून घ्यावं लागतं. छप्पर मधे आठ-नऊ फूट, कडेला सहा फूट उंच असावं आणि भिंतीच्या बाहेर दोन फूट आलेलं असावं, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अरुंद बाजूला अडतं, आत दिवसभर सावली राहते.

तिसरं, हवा. थंडी वाजेल म्हणून पुष्कळ जणी गोठा चारही बाजूंनी बंद करतात. त्यानं उलट होतं. मुताची वाफ आत कोंडते, ती शेळीच्या छातीत जाते आणि न्यूमोनिया होतो. लांबीच्या दोन्ही बाजूंना खाली तीन फूट कुड किंवा विटांची भिंत आणि वर जाळी ठेवा. थंडीत आणि पावसात ज्या बाजूनं वारा येतो त्याच बाजूला गोणपाटाचा पडदा सोडा. दुसरी बाजू उघडी राहू द्या.

हे बरोबर झालं का ते कसं ओळखायचं? पहाटे झाडायच्या आधी गोठ्यात जा आणि खाली बसा. आपलं नाक उभ्यानं पाच फुटांवर असतं, करडाचं एक फुटावर. बसल्यावर डोळे चुरचुरले, नाकात झिणझिण्या आल्या, तर समजा हवा कोंडली आहे. मग तळवा मुरुमावर दाबा. तळव्याला ओल लागली तर वरचा थर काढून नवा टाका. या दोन तपासण्यांना दमडी लागत नाही.

आता जागा किती? मोठ्या शेळीला दहा चौरस फूट, करडाला पाच. पाच शेळ्यांना पन्नास आणि आठ करडांना चाळीस, म्हणजे नव्वद. आठ फूट रुंद आणि बारा फूट लांब गोठा पुरतो. त्याला लागून दुप्पट जागेचं कुंपण घाला. तिथं शेळ्या दिवसा मोकळ्या फिरतील. एखादं कडुनिंबाचं किंवा सुबाभळीचं झाड त्यात असेल तर सोन्याहून पिवळं. कुंपण आणि दार मजबूत हवं. मोकाट कुत्र्यांनी एका रात्रीत करडं मारल्याचं आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. दाराला कडी आणि कुलूप दोन्ही लावा.

चारा जमिनीवर टाकू नका. तुडवलेला, मुतानं भिजलेला पाला शेळी खात नाही, आणि खाल्लाच तर पोटात जंत जातात. पाल्याची जुडी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगा, नाहीतर लाकडी गव्हाण करा. शेळी तशीही मान वर करून खाणारी. पाण्याचं टोपलं रोज घासायचं. मोठ्या शेळीला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

करडांसाठी गोठ्याचा एक कोपरा तट्ट्या लावून वेगळा करा. खाली कोरडं बारदान किंवा भुसा. जन्मल्यावर तोंड-नाक पुसा, नाळेला टिंक्चर आयोडिन लावा आणि तासाभराच्या आत चीक पाजा. वार पडायची वाट बघत बसू नका. चीक हीच करडाची पहिली लस. अडीच किलोच्या करडाला दिवसभरात पावशेर चीक थोडा थोडा करून गेला पाहिजे.

गोचिड आणि पिसवा गोठ्यातच राहतात, शेळीच्या अंगावर फक्त जेवायला येतात. म्हणून फटी लिंपून घ्या, आठवड्याला कोपऱ्यांत चुना भुरभुरा, वर्षातून एकदा वरचा मुरूम बदला. निघालेलं लेंडीखत शेतात सोनं आहे. आणि बायांनो, हे नीट ऐका. कापसावर फवारायचं औषध शेळीच्या अंगावर कधीही चोळू नका. त्यानं गोचिडासोबत शेळीही मरते. जनावराचं औषध वेगळं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच वापरायचं. डासांसाठी धूर करायचा तर घमेल्यात, गोठ्याच्या बाहेर आणि आपण जवळ असताना. पाचटाचं छप्पर पेटायला वेळ लागत नाही.

बाजारातून आणलेली शेळी थेट कळपात सोडू नका. तीन आठवडे वेगळी बांधा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पीपीआरची लस द्या. जनावर अडलं तर 1962 या नंबरवर फोन करा, फिरतं पशुचिकित्सा पथक मिळतं.

खर्चाचं म्हणाल तर मेढी, पाचट, पऱ्हाट्या बहुतेकींच्या घरीच आहेत. मुरूम दोघी-तिघींनी मिळून एक ट्रॅक्टर आणला तर भाडं वाटलं जातं. रोजगार हमीतून शेळ्यांचे गोठे झालेले आहेत. सध्या काय मिळतं ते ग्रामपंचायतीत विचारा आणि अर्ज स्वतःच्या नावानं करा.

आपल्यातल्या पुष्कळ जणी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि शेळ्या सासूबाईंच्या नाहीतर शाळेतल्या लेकीच्या हवाली करतात. त्यांच्यासाठी तर हे जास्तच गरजेचं. गोठा कोरडा, कुंपण पक्कं, गव्हाण उंचीवर असली की म्हातारं माणूसही पाच शेळ्या सांभाळू शकतं. चिखलातला गोठा असेल तर लेकीची शाळा बुडते. गोठा चांगला केला म्हणजे शेळीचे लाड केले असं नाही, घरातल्या बाईचे कष्ट कमी केले.

तर आता एवढं करा. उद्या पहाटे गोठ्यात खाली बसून बघा. तळवा दाबून बघा. काय आढळलं ते गटाच्या वहीत लिहा. पुढच्या बैठकीत हप्त्याआधी मी तेच विचारणार आहे. आणि जिचं कर्ज अजून मंजूर व्हायचं आहे, तिनं अर्जात पहिली ओळ गोठ्याची लिहावी, शेळीची दुसरी.