सुधा भारद्वाज : कामगारांची वकील

सुधा भारद्वाज यांचा जन्म 1961 साली अमेरिकेत, बॉस्टनला झाला. आई कृष्णा भारद्वाज नामवंत अर्थतज्ज्ञ. आईंचं शिक्षण बेळगाव-मुंबईतलं. सुधाताईंनी जन्मानं मिळालेलं अमेरिकेचं नागरिकत्व सोडून दिलं. आयआयटी कानपूरमध्ये गणित शिकल्या आणि 1986 च्या सुमारास छत्तीसगडमध्ये दल्ली राजहराला गेल्या.

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणारं हे गाव. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेतल्या खाणकामगारांनी इथं पदरमोड करून, घाम गाळून शहीद रुग्णालय उभं केलं होतं. सुधाताई कामगारांच्या मुलांना शिकवू लागल्या. 1991 मध्ये नियोगींची हत्या झाली. कामगारांना कोर्टाचे खेटे चुकत नव्हते आणि भरवशाचा वकील परवडत नव्हता. मग सुधाताईंनी चाळिशीच्या उंबरठ्यावर वकिलीची पदवी घेतली.

ऑगस्ट 2018 मध्ये फरीदाबादच्या राहत्या घरी भीमा कोरेगाव हिंसाचाराशी जोडलेल्या प्रकरणात त्यांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले आहेत. आधी येरवडा, मग भायखळा तुरुंग. येरवड्यात फाशी यार्डच्या कोठडीत त्यांना ठेवलं होतं. तिथल्या गजांमधून दिसणाऱ्या बंदी बायकांवर त्या टिपणं लिहीत राहिल्या. भायखळ्यात त्यांनी सोबतच्या बायकांना अर्ज लिहून दिले. स्वतः कैदेत असतानाही दुसऱ्याचा अर्ज लिहिणं, मला त्यांच्या कामात हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

डिसेंबर 2021 मध्ये त्या जामिनावर सुटल्या. येरवड्यातल्या त्या टिपणांचं इंग्रजी पुस्तक 2023 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. श्रोतेहो, मिळालं तर जरूर वाचा.