एव्हरेस्टच्या वाटेवर शेजारची मुले



16 मे 2018 ची संध्याकाळ तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आपण सारे रमजानचा चांद पाहण्यासाठी गच्चीवर होतो. दुसऱ्या दिवशी पहिला रोजा होता आणि उन्हाने अंगाची लाही होत होती. त्याच दिवशी आपल्या तालुक्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळेची पाच मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली होती. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम ही त्यांची नावे. शेतावर, जंगलावर पोट असलेल्या आदिवासी घरांतली ही लेकरे. आपल्या मिरचीच्या सातऱ्यावर डेठ तोडणाऱ्या आयाबहिणींची मुले जशी, तशीच.

ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगण्याची आपल्याकडे फार सवय आहे. मला ती सवय आवडत नाही, कारण चमत्कार म्हटले की आपली जबाबदारी संपते. या मुलांचे शिक्षण ऑगस्ट 2017 पासून सुरू झाले होते. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लेह-लडाख अशा टप्प्यांनी त्यांना तयार करण्यात आले. चंद्रपूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी आशुतोष सलिल यांनी पुढाकार घेतला, आदिवासी विकास विभागाने पाठबळ दिले आणि मोहिमेला ‘मिशन शौर्य’ हे नाव मिळाले. म्हणजे नऊ महिन्यांची पायरी-पायरीने केलेली तयारी, सरकारी पैसा आणि जाणती माणसे एवढे सारे त्यामागे होते. शिवाय शेर्पांनी बांधलेले दोर आणि पाठीवरचा प्राणवायू. हे सांगितल्याने मुलांचे मोठेपण कमी होत नाही. उलट, आपल्याला काय करावे लागेल ते कळते.

आता विद्यार्थीमित्रहो, थोडे विज्ञान. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे. आपण ज्याला थंड हवेचे ठिकाण म्हणतो ते चिखलदरा हजार-अकराशे मीटर. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत पायी जायचे तर लुक्ला या गावापासून सुरुवात होते. ते सुमारे 2,850 मीटरवर आहे. नामचे बाजार 3,440 मीटर आणि तळछावणी 5,364 मीटर. शिखर 8,848.86 मीटर. वर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते असे पुष्कळ जण समजतात. प्रमाण तेच, शंभरात एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब. साधारण 5,500 मीटरवर तो निम्मा होतो आणि शिखरावर जेमतेम एकतृतीयांश उरतो. त्यामुळे एका श्वासात प्राणवायू थोडाच मिळतो. पाणी तळछावणीवर 82 अंशांच्या आसपासच उकळते. तेथे कुकर नसेल तर डाळ तासन् तास शिजत नाही.

शरीर याला सरावते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. श्वास जलद होतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि पुढे काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. म्हणून नियम असा, की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा 500 मीटरहून अधिक उंचीवर करू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. डोके दुखणे, मळमळणे, झोप न येणे ही पहिली लक्षणे. ती दिसली की पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस येऊ लागला तर फुप्फुसात पाणी साचते आहे असे समजावे. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता आले नाही, बोलण्यात असंबद्धता आली, तर मेंदूला सूज आहे. अशा वेळी रात्र असो की बर्फ पडत असो, खाली उतरणे हाच खरा इलाज. औषध आणि प्राणवायू हे त्याला साहाय्य. आणि हे दुखणे कबड्डीपटूलाही गाठते. धडधाकट गडी आहे म्हणून त्याला सवलत नाही.

चंद्रपूरची एकूण दहा मुले एव्हरेस्टवर गेली होती. पाच पोहोचली, पाच परतली. पहिल्या पाचांची नावे वर्तमानपत्रांत आली. उरलेल्या पाचांविषयी फारसे कोणी बोलले नाही. माझ्या मते वर्गात शिकवायचे तर हेही शिकवावे. मे 2019 मध्ये शिखराखालच्या अरुंद कड्यावर माणसांची रांग लागली होती, ते छायाचित्र जगभर गाजले. त्याच दिवसांत आपल्याच राज्यातील 27 वर्षांचा एक तरुण शिखर गाठून उतरताना चौथ्या छावणीत दगावला. तो बारा तासांहून अधिक काळ त्या गर्दीत अडकला होता, असे तेव्हा सांगण्यात आले. वाटाड्यांचेही तसेच. 18 एप्रिल 2014 ला हिमकडा कोसळून 16 नेपाळी कामगार एका सकाळी गेले. दुसऱ्यांसाठी वाट तयार करत होते ते.

पालकहो, इतके ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग हा गुरुजी आमच्या मुलांना तिकडे पाठवायला का निघाला? आणि मुलींना तर कशासाठी? हा प्रश्न मला दरवर्षी सहलीच्या वेळी ऐकावा लागतो, तेही रामटेकच्या सहलीसाठी. उत्तर म्हणून समीना बेगचे नाव सांगतो. हुंझा भागातील शिमशाल या दुर्गम गावची ही मुसलमान मुलगी 19 मे 2013 रोजी एव्हरेस्टवर पोहोचली. असे करणारी ती पहिली पाकिस्तानी महिला. तिला डोंगर शिकवला तिच्या भावाने. त्याच दिवशी ताशी आणि नुंग्शी मलिक या भारतीय जुळ्या बहिणीही शिखरावर होत्या आणि दोन्ही देशांचे झेंडे तेथे एकत्र फडकले. मलावत पूर्णा ही तेलंगणातील सरकारी निवासी शाळेची मुलगी तर 25 मे 2014 ला तिबेटच्या बाजूने चढली तेव्हा 14 वर्षांचीही झाली नव्हती. नमाज-रोजाची काळजी कोणी बोलून दाखवतात. प्रवाशाला कसर नमाजाची आणि रोजा पुढे ठेवण्याची मुभा दीनानेच दिली आहे. त्याबद्दल मौलवीसाहेबांना अवश्य विचारावे.

मी एव्हरेस्ट मागत नाही. दार्जिलिंगची संस्था 1954 पासून आणि उत्तरकाशीची 1965 पासून गिर्यारोहण शिकवते. 28 दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो. नेपाळला जाण्यासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण त्याआधी दोन वर्षे चिखलदरा आणि कळसूबाई एवढेच करावे, असे मी संस्थेला सुचविले आहे. संमतिपत्रावर सही करण्याआधी तुम्ही जो कोणी नेता असेल त्याला चार प्रश्न जरूर विचारा. रोजची चढाई किती मीटरची? विश्रांतीचे दिवस किती? सोबत डॉक्टर कोण? आणि एखादे मूल आजारी पडले तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार? चौथ्याचे उत्तर नावानिशी मिळाले नाही, तर सही करू नका. मग तो नेता मी असलो तरी.