मिटलेल्या पंखांची ओळख



नामपूरला मोसम नदीच्या काठी एखादं लहानसं तपकिरी पाखरू भुर्रकन उडून जातं. ‘पतंग असेल’ म्हणून आपण सोडून देतो. पण त्याच्या मिशांची टोकं आकड्यासारखी वळलेली असली, तर ते ‘स्किपर’ कुळातलं फुलपाखरू समजावं.

या कुळातली बरीचशी फुलपाखरं वरून सारखीच दिसतात. म्हणून त्यानं पंख मिटेपर्यंत थांबावं. मागच्या पंखाखाली राखाडी रंगावर ठसठशीत काळे ठिपके दिसले, की तो ‘इंडियन पाम बॉब’. फॅब्रिशियसनं १७९८ मध्ये ही जात शास्त्रात नोंदवली. हिची अळी शिंदी, नारळ यांच्या पानाची गुंडाळी करून आत राहते. तेव्हा जवळपास शिंदी आहे का, तेही पाहावं.

गवतावर वाढणाऱ्या ‘स्विफ्ट’ फुलपाखरांचं मात्र अवघड आहे. ‘स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट’च्या नराच्या पुढच्या पंखावर, वरच्या बाजूनं, तिरकी रेघ असते. त्याच्या मादीला ती नसते आणि ‘राइस स्विफ्ट’लाही नसते. अशा वेळी वहीत नुसतं ‘स्विफ्ट’ लिहावं. अर्धी पण खरी नोंद पुढे पूर्ण करता येते. चुकीचं नाव मात्र एका यादीतून दुसऱ्या यादीत जात राहतं.