कोरा सातबारा आणि जमिनीच्या पोटातलं

जेवणं उरकून, भांडी घासून रेडिओजवळ बसला असाल. आज बोलायचंय जमिनीबद्दल. मालकीबद्दल नाही, तिच्या पोटात काय आहे त्याबद्दल.

आमच्या बचत गटाला भाजीच्या रोपांची रोपवाटिका करायची होती. जागा मिळाली ती रस्त्याला लागून, तीस गुंठे, शेजारी विहीर. भाडं इतकं कमी की आम्हाला वाटलं, देवच पावला. सातबारा काढला, तो कोरा. बोजा नाही, कुळाचं नाव नाही, भावकीचा दावा नाही. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घेतला, तोही स्वच्छ.

सही करायच्या आदल्या दिवशी बैठकीत आमच्या गटातल्या आक्का, वय सत्तरीच्या पुढं, हळूच म्हणाल्या, "अगं, तिथं कारखान्याची पिंपं पुरलीत. मी शेजारच्या रानात खुरपायला जायचे. पावसाळ्यात पिवळं पाणी साचायचं, बैल तोंड लावायचे नाहीत."

तो कारखाना कधीचाच बंद पडलाय. पत्रेसुद्धा लोकांनी उचलून नेले. मग आम्ही सातबारा पुन्हा उलटसुलट पाहिला. पिंपांचं कुठं काही नाही. असणार कसं? सातबारा हा साऱ्यासाठी केलेला कागद. मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती, पीक कोणतं, कर्ज कुणाचं, एवढं तो सांगतो. मातीत काय पुरलंय हे त्याला कुणी कधी विचारलेलंच नाही.

मला एका प्रशिक्षणात ऐकलेली गोष्ट आठवली. अमेरिकेत नायगारा धबधब्याच्या काठी त्याच नावाचं शहर आहे. तिथं एक कालवा अर्धवट खणून सोडून दिलेला होता. खणायला घेणाऱ्याचं आडनाव लव्ह, म्हणून तो लव्ह कॅनॉल. हुकर नावाच्या केमिकल कंपनीने १९४२ पासून दहा-अकरा वर्षं त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर माती लोटली आणि १९५३ साली ती जागा शहराच्या शाळा मंडळाला विकली. किंमत किती? एक डॉलर. आमच्या तीस गुंठ्यांच्या भाड्यासारखंच झालं ते.

पण एक गोष्ट ऐका. त्या खरेदीखतात लिहिलेलं होतं की इथं केमिकलचा कचरा पुरलाय, पुढं कुणाला इजा झाली तर कंपनी जबाबदार नाही. म्हणजे कागद होता! तरी तिथं शाळा उभी राहिली, भोवती घरं झाली. घर घेणाऱ्या बहुतेकांपर्यंत तो कागद पोचलाच नाही. कागद असणं वेगळं आणि ज्याला गरज त्याच्या हाती पडणं वेगळं, हे आपल्याला का कुणी शिकवायला हवं?

त्या वस्तीत लॉइस गिब्ज नावाची तरुण आई राहायची. मुलगा त्या शाळेत जायला लागला आणि त्याला फिट्स यायला लागल्या. तिने दुसरी शाळा मागितली, ती मिळाली नाही. मग १९७८ मध्ये ती दारोदार फिरू लागली. बोलायला लाजणारी बाई होती, पहिल्या दाराशी जाऊन परत फिरली म्हणतात. पुढं बायकांनी घराघरातली आजारपणं आणि गर्भपात विचारून नकाशावर खुणा केल्या. तेव्हा दिसलं, खुणा एका ओळीत पडतायत. जुन्या माणसांना विचारलं तर कळलं, तिथून पूर्वी ओढे वाहायचे. घरं बांधताना ते बुजवले होते. बुजवलेल्या ओढ्यातून विष पाझरत असणार, असं त्यांचं म्हणणं. अधिकाऱ्यांनी ही माहिती घरात बसणाऱ्या बायकांची म्हणून बाजूला सारली.

पण बाया हटल्या नाहीत. कालव्यालगतची २३९ कुटुंबं १९७८ मध्ये हलवली होती, उरलेल्यांनाही १९८० मध्ये घरं सोडायला सरकारी पैसा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने कायदा केला. विषारी जागा शोधायच्या, त्यांची यादी जाहीर ठेवायची आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून साफ करण्याचा खर्च वसूल करायचा.

आपल्याकडे असा स्वतंत्र नियम यायला फार उशीर झाला. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी नियम जाहीर केले. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करायची, ती सहा-सहा महिन्यांनी ऑनलाइन नोंदवायची. लोकांच्या तक्रारीवरूनही जागा यादीत येऊ शकते, आपल्या कामाचं वाक्य हेच. मग राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, नंतर गरज असेल तर सविस्तर. दोषी सापडला तर खर्च त्याचा. मात्र खाणी आणि गावातल्या कचऱ्याचे डेपो या नियमांत येत नाहीत, हेही माहीत असू द्या. मला स्वतःला हे पटत नाही, पण नियम तसा आहे.

आम्ही काय केलं? रोपवाटिकेची सही केली नाही. गटात रुसवेफुगवे झाले. आक्का म्हाताऱ्या झाल्यात, त्यांचं काय ऐकायचं, असंही एक-दोघी बोलल्या. पण आक्कांना अंगणात बसवून आम्ही खडूने नकाशा काढला. बांध कुठं, बाभूळ कुठं, खड्डे कुठं, पिवळं पाणी कुठं साचायचं. मग तो कागदावर उतरवला, गट नंबर घातला, आणखी दोन म्हाताऱ्या माणसांची सही-अंगठा घेतला. एक अर्ज ग्रामपंचायतीला, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, एक प्रत मंडळाला. तिन्हीकडची पोच घेतली. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावरची बोलणी.

आणि एक विनंती. अशी जागा असेल तर कुणी कुदळ घेऊन उकरून पाहू नका, मुलांना तिकडं जाऊ देऊ नका, शेजारच्या विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत पिऊ नका. पाणी उकळून केमिकल जात नाही, हे जावेला-सासूलाही सांगा.

आमची जागा अजून यादीवर आलेली नाही. एका कार्यालयातून पत्र आलं, पुरावा काय म्हणून. आम्ही आक्कांना घेऊन जाणार आहोत, येत्या सोमवारी, पहिल्या एसटीने.