दौलताबादचे प्रांताधिपती

एखाद्या प्रांताचा अधिपती आपली मुदत सरत आली असता पुन्हा त्याच जागी राहू इच्छितो, तेव्हा त्याने पदर पसरावा तो कोणापुढे? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : मतदारांपुढे. तेथे प्रत्येक संस्थानाचा गव्हर्नर लोकमताने निवडला जातो. बहुतेक ठिकाणी चार वर्षांसाठी, तर व्हरमाँट व न्यू हॅम्पशर येथे दोनच वर्षांसाठी. व्हर्जिनियात मात्र गव्हर्नरास लागोपाठ दुसऱ्यांदा उभेच राहता येत नाही. अधिकारावर असलेल्या मनुष्याचे नाव घरोघरी झालेले असते, त्याचे उपकार अनेकांवर असतात, आणि त्यामुळे त्यास खाली ओढणे सोपे नसते. २०२२ साली ३६ संस्थानांत गव्हर्नरपदाच्या निवडणुका झाल्या. त्यांत अखेरच्या मतदानास सामोरे गेलेल्या पदस्थ गव्हर्नरांपैकी नेवाडाचे स्टीव्ह सिसोलॅक हे एकटेच पराभूत झाले.

आपल्या देशात प्रांताधिपती निवडण्याची चाल कधीच नव्हती. तथापि, प्रांताधिपतीने राहावे की जावे या प्रश्नावरून एक राज्य मोडले आणि दुसरे उभे राहिले, असा एक प्रसंग दौलताबादच्या किल्ल्याने पाहिला आहे. श्रोत्यांपैकी पुष्कळांनी तो किल्ला पाहिला असेल. वेरूळच्या वाटेवर, सपाट मैदानात एकाकी उभा असलेला तो डोंगर, त्याचे तासून काढलेले कडे, खडकातच खोदलेला खंदक आणि भरदिवसा मशालीवाचून पाऊल टाकता येऊ नये अशी ती अंधारी, एवढे पाहून प्रवासी खाली उतरतो. यादवांची ती देवगिरी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली, ती गोष्ट शाळेतील मुलांसही ठाऊक असते. राजधानी पुढे परत गेली. मागे राहिलेल्या प्रांताचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

हा प्रांत सुलतानाने कुतलुघखान नावाच्या वृद्ध सरदाराच्या हाती दिला. कुतलुघखान हा सुलतानाचा गुरू. लहानपणी त्यानेच त्यास कुराण व लेखन शिकविले होते. १३४२च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येथून गेला, तेव्हा त्याने या खानाचा मोठ्या आदराने उल्लेख केला आहे. त्याच प्रवाशाने किल्ल्यातील तळघरांत मांजरांहून मोठे उंदीर असल्याचे ऐकून लिहून ठेवले आहे. त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. महंमदाचा स्वभाव लहरी व शिक्षा भयंकर. दिल्लीकडून येणारा प्रत्येक हुकूम येथे येईपर्यंत थोडा निवलेला असे, कारण मध्ये कुतलुघखान होता. प्रजेला राजा दिसत नाही, अधिकारी दिसतो. आणि ज्या अधिकाऱ्याच्या सावलीत शेतकऱ्यास पेरणी करता येते तो त्यास राजाहून मोठा वाटतो.

परंतु दिल्लीस कागाळ्या गेल्या. खानाच्या हाताखालचे कामगार वसूल खातात, सरकारी उत्पन्न घटले आहे, असे सुलतानाच्या कानावर घालण्यात आले. त्यांत तथ्य अगदीच नव्हते असे म्हणता येत नाही. भला अधिपती आणि लबाड कारकून ही जोडी काही दुर्मिळ नव्हे. १३४५ साली कुतलुघखानास परत बोलावण्यात आले, आणि त्याच्या जागी तात्पुरता म्हणून त्याचा भाऊ मौलाना निजामुद्दीन यास भडोचहून पाठविण्यात आले. हा मनुष्य साधा, कारभाराचा अनुभव नसलेला. समकालीन इतिहासकार झियाउद्दीन बरनी हा सुलतानाच्या दरबारात वावरणारा. कुतलुघखानाच्या जाण्याने देवगिरीच्या लोकांची उमेदच खचली, असे तोही लिहितो. खानाने साठविलेला वसुलाचा खजिना वाटा सुरक्षित नसल्यामुळे दिल्लीस नेता आला नाही. तो किल्ल्यातच ठेवावा लागला. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

येथे क्षणभर आपल्याच काळाकडे वळावे लागते. प्रांताधिपती लोकांनी निवडावा की वरून नेमावा, हा वाद आपल्या घटना-समितीतही झाला. जुलै १९४७ मध्ये सरदार पटेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गव्हर्नर प्रौढ मतदानाने थेट निवडावा अशी शिफारस केली होती, आणि ती मान्यही झाली होती. परंतु प्रांताच्या मुख्यमंत्र्यामागेही लोकमत आणि गव्हर्नरामागेही लोकमत, तर दोघांत खटका उडाल्यास ऐकावे कोणाचे, ही शंका बळावत गेली. फाळणीच्या अनुभवाने मध्यवर्ती सत्ता बळकट असावी असेही अनेकांस वाटू लागले. अखेर मे १९४९ च्या शेवटी निवडणुकीची कल्पना टाकून राष्ट्रपतींनी नेमणूक करावी असे ठरले. घटनेच्या १५५व्या व १५६व्या कलमांत ते नमूद आहे : मुदत ५ वर्षांची, पण राष्ट्रपतींची मर्जी असेतोपर्यंत. म्हणून महाराष्ट्राच्या राज्यपालास पुन्हा त्या जागी यावयाचे असेल तर त्यास सभा घ्याव्या लागत नाहीत. मुंबईतील त्याचा मुक्काम वाढतो की संपतो हे दिल्लीत ठरते. अर्थात त्याच्या हाती कुतलुघखानाइतकी सत्ताही नाही, कारण रोजचा कारभार निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा असतो. हा भेद फार मोठा आहे.

दौलताबादेत असा दुसरा आधार नव्हता. प्रांताचे सुलतानाने चार भाग केले व त्यांवर कडक माणसे नेमली. माळव्यात धार येथे त्याच्या एका अधिकाऱ्याने ८०च्या वर अमीरांची कत्तल केली. या अमीरांस ‘अमीरान-इ-सदा’, म्हणजे शंभरांचे अमीर, असे नाव होते. दौलताबादेतील अशाच अमीरांस जेव्हा भडोचला हजर होण्याचा हुकूम आला, तेव्हा तो कशासाठी आहे हे त्यांस कोणी सांगण्याची गरज नव्हती. ते निघाले, पण पहिल्याच मुक्कामावर बंड करून, नेण्यास आलेल्यांस मारून माघारी फिरले. बिचाऱ्या मौलाना निजामुद्दीनास त्यांनी कैद केले, आणि तो अडकून पडलेला खजिना आपसांत वाटून घेतला.

आता अधिपती कोण? दिल्लीने नेमलेला नको, हे ठरले होते. मग अमीरांनी आपल्यातीलच इस्माइल मुख या वयोवृद्ध सरदारास निवडले व नासिरुद्दीन या नावाने गादीवर बसविले. ही निवड मूठभर तरवारबहाद्दरांची होती. खेड्यातील कुणब्यास कोणी विचारले नाही. तरीही दक्षिणेत राज्यकर्ता वरून न येता खालून उभा राहिला, हे विसरता येत नाही. सुलतान स्वतः चालून आला, मैदानात त्याने अमीरांचा पराभव केला, आणि इस्माइल किल्ल्यावर कोंडला गेला. इतक्यात गुजरातेत तघी नावाच्या गुलामाने बंड केल्याने सुलतानास तिकडे धावावे लागले. वेढा चालूच होता. किल्ल्याबाहेर निसटलेला झफरखान उर्फ हसन याने मात्र सुलतानाचा सेनापती इमादुल्मुल्क सरतेज यास युद्धात ठार केले आणि तो विजयी होऊन दौलताबादेवर आला, तेव्हा वेढा घालणारे निघून गेले.

गादीवर बसलेला इस्माइल आणि रणांगण जिंकलेला हसन, असे दोघे समोरासमोर आले. सैन्याचे मन कोणाकडे आहे हे इस्माइलास दिसत होते. त्याने झगडा केला नाही; आपले वय पुढे करून तो गादीवरून उतरला. शुक्रवारी, ३ ऑगस्ट १३४७ रोजी हसन अलाउद्दीन बहमनशाह म्हणून राज्याभिषिक्त झाला. स्वखुशीने पद सोडणारे पदस्थ इतिहासात विरळा, आणि सोडल्यावर सुखाने राहणारे त्याहून विरळा. इस्माइलास मोठा मान मिळाला, परंतु दरबारात दुसऱ्यास आपल्या वर बसविल्याचे त्यास सोसले नाही; त्याने कट केला व त्यापायी प्राण गमावले, असे फिरिश्ता सांगतो.

बहमनशाहाने राजधानी गुलबर्ग्यास नेली आणि राज्याचे चार तरफ पाडले. दौलताबाद त्यांतील एक झाला. तेथील तरफदार आता दिल्लीहून नव्हे, गुलबर्ग्याहून नेमला जाऊ लागला. बहमनशाहाच्या मुलाच्या कारकीर्दीत दौलताबादेचा अधिकारी बहरामखान माझंदरानी याने बंड केले. पण ते फसले, आणि खुलदाबादच्या शेख झैनुद्दीनाच्या सल्ल्याने तो सीमा ओलांडून गुजरातेत निघून गेला.